बसतां बसेना

मराठी भाषेंतलें सर्वांत कष्टाळू क्रियापद कोणतें, असें मला कोणीं विचारलें, तर मी 'करणें' किंवा 'होणें' यांचीं नांवें घेणार नाहीं. मी 'बसणें' असें सांगेन. वरवर पाहतां हें क्रियापद विश्रांतीचें आहे. उभा राहून थकलेला मनुष्य बसतो, एवढेंच त्याचें मूळचें काम. पण भाषेनें त्याला घटकाभरहि स्वस्थ बसूं दिलेलें नाहीं. संसाराची घडी बसते, धंद्यांत जम बसतो, हिशेबाचा मेळ बसतो, कापडावर रंग बसतो, माणसावर विश्वास बसतो. त्याच शब्दाच्या दुसऱ्या अंगाला गवयाचा गळा बसतो, व्यापाऱ्याची पेढी बसते, पावसाळ्यांत मातीची भिंत बसते, आणि धक्का तर कोणालाहि कोठेंहि बसतो. जम बसण्याचें सुख आणि भिंत बसण्याचें दुःख हीं एकाच शब्दांत इतक्या सलोख्यानें नांदतांना पाहून मला या भाषेचें पुष्कळदां कौतुक वाटलें आहे.

यांतले बहुतेक अर्थ मीं तीस वर्षें वर्गांत विद्यार्थ्यांपुढें मांडले आहेत. पण एक अर्थ असा आहे कीं, कोशांत तो अगदीं निरुपद्रवी दिसतो, आणि त्याची खरी धार कळते ती घराच्या व्हरांड्यांत, हातांत पाना घेऊन उकिडवें बसल्यावरच. तो अर्थ म्हणजे एका लोखंडी वस्तूचें दुसऱ्या लोखंडी वस्तूवर बसणें. मोटारसायकलचा जो भाग तिच्या जन्मदात्या कारखान्यानें केलेला नसून बाजारांतल्या दुसऱ्याच कोणीं केलेला आहे, तो ज्यानें घरच्या घरीं बसवून पाहिला असेल, त्याला मी काय म्हणतों तें ताबडतोब कळेल. इतरांसाठीं चार शब्द लिहिणें अवश्य आहे.

मी पडेगांवांत राहतों. छत्रपति संभाजीनगर शहरांतून छावणी ओलांडून दौलताबाद-वेरुळाच्या रस्त्याला लागलें कीं ही वस्ती येते. परगांवच्या पाहुण्याला आमचें शहर लेण्यांमुळें आणि मकबऱ्यामुळें ठाऊक असतें. पण शहरांतल्या हजारों घरांची चूल पेटते ती लेण्यांवर नव्हे, तर सुट्या भागांवर. शहराच्या दुसऱ्या अंगाला वाळूज येथें १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्या आसऱ्यानें लहानमोठ्या कारखान्यांची एक दुनियाच उभी राहिली. कोणी चाकें ओततो, कोणी ब्रेक करतो, कोणी शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतो, तर कोणी नुसत्या स्प्रिंगाच वळतो. येथेंच वाढलेल्या एंड्युरन्ससारख्या उद्योगाचे कारखाने आज इटली आणि जर्मनी या देशांतहि आहेत. माझ्या वर्गांतल्या कितीतरी मुलांचे वडील मिलीमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा हिशेब करून घरीं जेवायला येतात. अशा गांवांत एक साधा भाग एका साध्या गाडीला बसूं नये, ही गोष्ट समुद्राकांठच्या माणसाला मीठ न मिळण्याइतकी नवलाची आहे.

हा भाग म्हणजे साडीगार्ड. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला लावलेली लोखंडी जाळी आणि तिच्या पायथ्याशीं पाय टेकण्याची पट्टी, एवढेंच त्याचें स्वरूप. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या स्त्रीचा पदर किंवा निऱ्या चाकांत अडकूं नयेत, ही त्यामागची योजना. ती केवळ सोयीची नाहीं, कायद्याची आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानें असें सांगितलें आहे कीं, मागें बसण्याची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलला हाताला धरण्याची कायमची मूठ, पाय ठेवण्याची जागा, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें, बसणाऱ्याचे कपडे अडकूं न देणारें आवरण असलें पाहिजे. कायद्याच्या रूक्ष भाषेंत साडीच्या निऱ्यांची इतकी काळजी वाहिलेली क्वचितच आढळेल.

आमच्या घरांतली मोटारसायकल चिरंजिवांची. तो नोकरीनिमित्त पुण्याला गेला आणि गाडी आमच्या व्हरांड्यांत राहिली. ती कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आमच्या शहरांत ती तयार झालेली नाहीं, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. गाडी घेतली त्याच आठवड्यांत चिरंजिवांनीं तिचा साडीगार्ड काढून टाकला होता. वेगवान गाडीला साडीगार्ड म्हणजे पाटलोणीवर उपरणें, असें त्याचें मत, आणि त्याच्या वयाच्या बहुतेकांचें तेंच. तो काढलेला भाग पुढें कोणत्या भंगारवाल्याच्या पोत्यांत गेला, याचा पत्ता नाहीं.

गेल्या वर्षीं माझ्या पत्नीच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. पण गुडघा पूर्वीइतका वांकत नाहीं, आणि दोन्हीकडे पाय टाकून बसणें तर सोडूनच द्यावें लागलें. पूर्वीं श्रावणांतल्या शनिवारीं पहाटे उठून आम्ही दोघें माझ्या जुन्या स्कूटरवर खुलताबादच्या भद्रा मारुतीला जात असूं. त्या दिवसांत आमच्या दारावरून रात्रभर माणसें पायीं चाललेलीं असतात. त्यांच्या घोषांतून वाट काढीत, दौलताबादचा किल्ला उजाडतांना पाहात जाण्यांत देवदर्शनाइतकेंच सुख होतें. स्कूटर पंधरा वर्षांची होऊन भंगारांत गेली. आमच्या घरीं मोटार नाहीं, आणि रिक्षेला हात करून जाण्यांत तिला ती गंमत वाटत नाहीं. उरली ती चिरंजिवांची गाडी. तिला साडीगार्ड नाहीं, पाय ठेवायला पट्टी नाहीं. म्हणजे भाग बसेपर्यंत ती गाडीवर बसणार नव्हती, आणि गाडीवर बसेपर्यंत ती घरीं बसणार होती. वर ज्या क्रियापदाचें मीं कौतुक केलें, त्यानें आमच्या घरांत असा तिढा घालून ठेवला होता.

सुट्या भागांच्या दुकानांत गेलों. समोरच्या कांचेच्या कपाटांत काय नव्हतें? रंगीत मुठी, डोळे दिपवणारे दिवे, आणि शेजाऱ्यांची झोंप उडवणारे सायलेन्सर! हे सायलेन्सर पोलीस जप्त करतात, हें विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाहि ठाऊक असतें. साडीगार्ड मात्र माळ्यावरून, धूळ झटकून काढावा लागला. कायद्याला नको असलेला भाग कपाटांत आणि हवा असलेला माळ्यावर, ही मांडणी पाहूनच मला पुढच्या प्रकरणाची कल्पना यावयास हरकत नव्हती.

"कंपनीचा येत नाय आता, सर," दुकानदार म्हणाला. "मॉडेलच बंद झालंय. लोकल देऊ का?"

"या गाडीला बसेल ना?"

"बसतंय की! सगळ्या गाड्यायला बसतंय."

वेष्टणावरहि इंग्रजींत त्याच अर्थाचे मोठे शब्द छापलेले होते. मात्र गाड्यांची यादी नव्हती, मापें नव्हतीं, आणि कसा बसवावा याचें एका ओळीचेंहि मार्गदर्शन नव्हतें. आंत जाळी, चार बोल्ट, चार नट, तीन वायसर. चौथा वायसर ईश्वराधीन.

पुढचे तीन रविवार मीं व्हरांड्यांत काढले. मी स्वभावानें सावध मनुष्य आहें. पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्याकडून व्हर्नियर मागून आणला, मापें कागदावर लिहिलीं, आणि मगच पान्याला हात घातला. साडीगार्ड तीन ठिकाणीं धरायचा असतो: शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या टोकापाशीं एक, मागच्या पायटेकाच्या कानाशीं दुसरें, आणि चौकटीच्या शेपटाकडे तिसरें.

पहिल्या ठिकाणीं बोल्ट दीड फेरा आंत गेला आणि अडला. जाडी दोहोंचीहि १० मिलीमीटरच. मग अडावें कां? मीं गाडीचा मूळचा बोल्ट काढून त्याचे दहा आटे मोजले. ते साडेबारा मिलीमीटरांत मावत होते. नव्या बोल्टाच्या दहा आट्यांना पंधरा मिलीमीटर लागत होते. म्हणजे एक बारीक आट्याचा, दुसरा जाड आट्याचा. दोघेहि आपापल्या परी निर्दोष, आणि दोघांचें जन्मांत जुळणें अशक्य. अशा वेळीं जोर केला तर बोल्ट जातो खरा, पण जातांना चौकटींतले आटे घेऊन जातो. म्हणून मीं तो तसाच उलटा फिरवून काढला. मूळचाच बोल्ट वापरावा, तर जाळीच्या पट्टीच्या जाडीमुळें तो आंखूड पडे. तसाच बारीक आट्याचा लांब बोल्ट मागायला गेलों, तर तीन दुकानांनीं जाड आट्याचे डझनभर दाखवले आणि बारीक आट्याचा एकहि नाहीं.

दुसऱ्या ठिकाणीं पाना बदलावा लागला. गाडीच्या ८ मिलीमीटरच्या बोल्टाचें डोकें १२ च्या पान्याचें, तर वेष्टणांतल्या तेवढ्याच जाडीच्या बोल्टाचें १३ च्या पान्याचें. जपानी पद्धतीच्या गाड्यांत पहिलें माप आढळतें, आणि बाजारांतल्या सर्वसाधारण बोल्टांवर दुसरें. १९८० नंतरच्या दशकांत होंडा, सुझुकी, यामाहा आणि कावासाकी हे जपानचे चारहि कारखाने भारतीय कारखान्यांशीं हातमिळवणी करून येथें आले. त्यांच्याबरोबर त्यांचे पानेहि आले. बाजार मात्र आपल्या पान्यांना चिकटून राहिला. दोन पाने बाळगणें कांहीं फार मोठें संकट नव्हे. खरें संकट पुढें होतें. गाडीवरील दोन भोंकांचें अंतर आणि जाळीवरील दोन भोंकांचें अंतर यांत ६ मिलीमीटरांचा फरक होता. सहा मिलीमीटर म्हणजे किती? तांदळाचा एक दाणा! पण त्या एका दाण्यानें मला दोन रविवार उपाशीं ठेवलें. एक भोंक जुळलें कीं दुसरें अर्धचंद्राकृति दिसे. दुसरें जुळवावें, तर पहिल्याला ग्रहण लागे.

या अवधींत रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येकानें आपलें मत दिलें. एकानें हातोडी सुचवली. दुसऱ्यानें गाडीच्याच कानाला कानस लावून भोंक मोठें करण्याचा सल्ला दिला. ही गोष्ट मात्र मीं साफ नाकारली. दोन वस्तु जुळत नसतील तेव्हां कानस कोणाला लावावी, याला माझ्या मतें एकच उत्तर आहे: जी पुन्हां विकत मिळते तिला. साडीगार्ड बिघडला तर दुसरा येईल. चौकटीचा कान कापला गेला तर तो जन्मभर कापलेलाच.

तिसऱ्या रविवारीं, जाळीचें भोंक कानसून लांबट केल्यावर, जुन्या बोल्टांच्या आधारानें ती कशीबशी उभी राहिली. गाडी मधल्या स्टँडवर होती. चाक हातानें फिरवलें. कोठें लागत नव्हतें. मग परीक्षेसाठीं मी स्वतः मागच्या आसनावर बसलों, आणि खालून करकर असा आवाज आला. कारण उघड होतें. जाळी चौकटीला धरलेली, चौकट स्प्रिंगांवर तोललेली. माणूस बसला कीं चौकट खालीं येते. चाक आणि साखळीवरचें झांकण मात्र जेथल्या तेथें राहतात. रिकाम्या गाडीला जें बसलें होतें, तें भरलेल्या गाडीला बसत नव्हतें. ज्या भागाचा उपयोग माणूस बसल्यावरच सुरू व्हायचा, तो माणूस बसतांच आडवा येत होता!

चहाचा कप घेऊन पत्नी दारांत उभी होती. तिनें तो आवाज ऐकला.

"अहो, राहूं द्या आतां," ती म्हणाली. "मी घरींच बरी."

तिच्या स्वरांत रुसवा नव्हता, उपहास तर नव्हताच. आणि म्हणूनच तें वाक्य मला लागलें. शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांत हेंच वाक्य मीं तिच्या तोंडून निरनिराळ्या निमित्तांनीं ऐकलें होतें. लग्नाला बोलावणें आलें, घरींच बरी. नाटक लागलें, घरींच बरी. प्रत्येक वेळीं कारण लहान असे. एखादी पायरी उंच, एखादी खुर्ची बुटकी. मनुष्याचें जग एकाएकीं लहान होत नाहीं. तें असें सहा-सहा मिलीमीटरांनींच आंखडत जातें.

त्या रात्रीं मी 'सगळ्यांना बसतें' या वाक्याचा विचार करीत होतों. हें वाक्य खोटें आहे असें म्हणून सोडून देतां येत नाहीं. कारण दुसऱ्या एका ठिकाणीं तें अक्षरशः खरें आहे. ८ मिलीमीटरचा साधा नट मी पडेगांवांत घेतला काय, कोल्हापुरांत घेतला काय, किंवा बर्लिनमध्यें घेतला काय, तो त्याच मापाच्या आणि त्याच आट्याच्या बोल्टावर निमूटपणें चढतो. करणारे दोघे एकमेकांना कधीं भेटलेले नसतात, त्यांची भाषा एक नसते. तरी वस्तु जुळतात. आपल्याला याचें नवल वाटत नाहीं, एवढेंच नवल.

एके काळीं असें नव्हतें. इंग्लंडांत प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा असे, आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला ओळख देत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकारानें ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट जमवले, त्यांचीं मापें घेतलीं, आणि त्यांच्या सरासरीवरून १८४१ सालीं एक पद्धति सुचवली: आट्याचा कोन ५५ अंशांचा, आणि बोल्टाच्या प्रत्येक जाडीला इंचामागें आट्यांची संख्या ठरलेली. पुढें १८६४ सालीं अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें ६० अंशांचा कोन पुढें केला. या पांच अंशांची किंमत दुसऱ्या महायुद्धांत कळली. ब्रिटन आणि अमेरिका हे दोस्त झाले, पण त्यांच्या नट-बोल्टांची दोस्ती होईना. अखेर १९४८ सालीं ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनीं एका समान आट्याचा करार केला. आपल्या देशांत १९४७ सालीं भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं. एवढ्या खटपटींनंतर कुठें पडेगांवचा नट बर्लिनच्या बोल्टाला बसूं लागला.

याहून नाट्यमय गोष्ट १९०८ सालची आहे. कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी इंग्लंडांतील ब्रुकलँड्स येथें आणून पार सुट्या केल्या. तिन्ही गाड्यांचे भाग एकमेकांत मिसळून टाकले, त्यांतले कांहीं बाजूला काढून त्यांच्या जागीं साठ्यांतले नवे घातले, आणि केवळ पाने व पेंचकस यांच्या साहाय्यानें त्या ढिगांतून पुन्हां तीन मोटारी उभ्या केल्या. कानस वापरायची नाहीं, ही अट. तिन्ही गाड्या ५०० मैल धांवल्या. त्या कारागिरांच्या बोटांत कांहीं जादू नव्हती; जादू होती ती आधीं पाळलेल्या मापांत.

तेव्हां 'सगळ्यांना बसतें' हें वाक्य दोन प्रकारांनीं बोलतां येतें. एकांत बोलणारानें स्वतःला एका मापाशीं बांधून घेतलेलें असतें. मी इतकाच जाड असेन, इतकाच बारीक असेन, आणि माझी सूट इतकीच असेल, असें त्यानें आधीं वचन दिलेलें असतें. दुसऱ्यांत बोलणारानें कोणतेंच माप घेतलेलें नसतें, आणि म्हणूनच त्याला वाटतें कीं आपण सर्वांचे आहोंत. नट पहिल्या प्रकारचा, माझा साडीगार्ड दुसऱ्या. निवडणुकीच्या सभेंत, अभ्यासक्रमाच्या समितींत, आणि एकाच ठशाच्या पाठ्यपुस्तकांत हा दुसरा प्रकार मला पुष्कळदां भेटला आहे. पण तो कानशीनें घासण्याचा योग मात्र या वेळीं प्रथमच आला.

आमच्या रस्त्यालाच, दौलताबादच्या बाजूला, एक पत्र्याची शेड आहे. तींत एक जुना लेथ, वेल्डिंगचें यंत्र आणि एक खाट एवढा संसार. तिचे मालक वाळूजच्या कारखान्यांत कित्येक वर्षें साचे घडवून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. वस्तींतले सारे त्यांना चाचा म्हणतात. सोमवारीं कॉलेजहून परततांना मीं जाळी आणि मापांचा कागद त्यांच्यापुढें ठेवला. त्यांनीं चष्मा पुसून कागद शेवटपर्यंत वाचला. माझ्या आयुष्यांत माझा कोणताहि कागद इतक्या आस्थेनें कोणीं वाचल्याचें मला आठवत नाहीं.

"माप बरोबर आहे, सर," ते म्हणाले. "लोखंडाचापण काही कसूर नाही. याला बनवताना कुणी गाडीच दाखवली नाही."

मग त्यांनीं विचारलें, "बसणार कोण?"

हा प्रश्न दुकानदारानें विचारला नव्हता, वेष्टणानें विचारला नव्हता, आणि वाटेनें जाणाऱ्या सल्लागारांपैकीं एकानेंहि विचारला नव्हता. मीं पत्नीच्या गुडघ्याची हकीगत सांगितली.

"मग त्यांना आणा. गाडी मागून बघू."

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पत्नी सावकाश चालत तेथें आली. चाचांनीं गाडी मधल्या स्टँडवर चढवली, बाजूला एक लांकडी घडवंची ठेवली, आणि म्हणाले, "काकू, यावर पाय देऊन आरामात बसा. पाय सैल सोडा. ओढून धरू नका." ती बसली. उजवा पाय जेथें आपोआप स्थिरावला, तेथें त्यांनीं भिंतीजवळ धरलेल्या फळीवर खडूनें रेघ मारली. मीं जाळी लावून पाहिली होती तेव्हां पट्टी जेथें आली होती, ती जागा त्या रेघेपेक्षां चांगली चार बोटें वर होती. म्हणजे तिन्ही भोंकें जुळलीं असतीं, करकर थांबली असती, तरी त्या पट्टीवर पाय ठेवायला तिला गुडघा नको तितका दुमडावा लागला असता, आणि दौलताबाद येण्यापूर्वींच ती 'मी घरींच बरी' असें म्हणाली असती. कंपनीचा भाग मिळाला असता तरी हेंच झालें असतें. त्याला गाडी दाखवलेली होती, पण हा गुडघा दाखवलेला नव्हता.

पुढचें काम दोन तासांचें. चाचांनीं बारीक आट्याचा लांब बोल्ट आपल्या डब्यांतून काढला. असले डबे तीस वर्षें जमवावे लागतात, ते विकत मिळत नाहींत. लेथवर एक छोटें बुश उतरवून जाळी चौकटीपासून बोटभर बाहेर घेतली, तेव्हां झांकणाची करकर गेली. चुकीचें भोंक वेल्डिंगनें बुजवून बरोबर जागीं नवें पाडलें. पायाची पट्टी कापून चार बोटें खालीं आणि थोडी पुढें जोडली. ती गाडीच्या स्टँडच्या खालीं उतरत नाहीं ना, हें गाडी डावीकडे कलती करून पाहिलें. शेवटीं मला मागें बसवून, आणि मग पत्नीलाहि बसवून, दोन्ही वेळां चाक फिरवून पाहिलें. मला दोन्हीकडे पाय टाकून बसवलें होतें. तिला तिच्या पद्धतीनें. गाडीच्या चौकटीला कानस लागली नाहीं.

मजुरी विचारली तर जाळीच्या किमतीहून थोडी अधिक झाली. मला ती फार वाटली नाहीं. बाजारानें मला लोखंड विकलें होतें; बसवणें शेडींत मिळालें.

श्रावणाचा पहिला शनिवार आला तेव्हां आम्ही अंधारांत निघालों. वाटेंत मिटमिट्यापर्यंत पायीं चालणाऱ्यांची गर्दी होती, तिच्यांतून गाडी चालण्याच्याच वेगानें न्यावी लागली. दौलताबादच्या तटापाशीं उजाडलें. खुलताबादला दर्शन झाल्यावर, परत फिरण्याऐवजीं पत्नीनेंच वेरुळापर्यंत जाऊं असें सुचवलें. आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळीं कोरलेलें तें कैलास लेणें मीं अनेकदां पाहिलें आहे. या वेळीं त्याच्यापुढें उभा राहून मी निराळ्याच दृष्टीनें पाहात होतों. एवढें प्रचंड मंदिर, आणि त्याला कोठें जोड नाहीं! शिखरापासून पायथ्यापर्यंत सारें एकाच डोंगरांतून कोरून काढलेलें. एक दगड दुसऱ्यावर बसवण्याचा प्रश्नच त्या शिल्पकारांपुढें आला नाहीं. मीं ही गोष्ट पत्नीला सांगितली. ती एका सावलींतल्या कट्ट्यावर टेकून पाय लांब करून बसली होती. "त्यांचं बरं होतं," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर गाडीनें थोडा वेग घेतला कीं जाळी हलकेंच खडखडूं लागे, आणि वेग वाढला कीं गप्प होई. चाचांनीं याची कल्पना आधींच दिली होती. सगळें घट्ट आवळलें तर हादऱ्यानें वेल्डिंग सुटेल, म्हणून त्यांनीं एका ठिकाणीं रबर घालून मुद्दाम सैल ठेवलें होतें. तरी मीं मान वळवून म्हटलें, "उद्यां त्यांच्याकडे नेऊन जरा आवळून आणतों."

"कांहीं नको," ती म्हणाली. "पुढें बघून चालवा. आणि पुढच्या शनिवारीं थोडं लवकर निघूं. आज फार ऊन झालं."